फोटो काढून झाल्यावर

प्रस्तावना

रोल गेला आणि मेमरी कार्ड आलं, ही हकिकत आता घरोघरी ठाऊक आहे. ती सांगताना आपण बहुधा कॅमेऱ्यापाशीच थांबतो. छत्तीस फोटोंचा हिशेब संपला, धुवायला टाकलेल्या रोलची वाट पाहणं संपलं, फोटो जवळजवळ फुकट झाला आणि काढल्या क्षणी दिसू लागला. हे सगळं खरं आहे. पण फोटो काढून झाल्यावर तो कुठे ठेवायचा, त्यावर नाव कोणी घालायचं, वीस वर्षांनी मागितला तर कोण शोधून देणार, हे कामही या बदलात एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. त्याची चर्चा फारशी झाली नाही. हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे.

पुस्तक नागपूरचं आहे आणि ते तसं असणं योग्यच आहे. फिल्मची इतकी कठोर परीक्षा घेणारा उन्हाळा थोड्याच मोठ्या शहरांच्या वाट्याला येतो. राज्याच्या राजकारणाचे कॅमेरे दरवर्षी हिवाळ्यात इथे गोळा होतात. दीक्षाभूमीवरच्या एका दिवसाची छायाचित्रं इथून निघून लाखो घरांच्या भिंतींवर गेली. आणि ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही जंगलं जवळ असल्यामुळे डिजिटल कॅमेऱ्याने काय साधलं आणि काय बिघडवलं, हे दोन्ही इथे स्पष्ट दिसतं.

आधी फिल्मकडे वळू. कृष्णधवल रोल डेव्हलप करायचा तर रसायनाचं तापमान २० अंश सेल्सिअस असावं, असं सगळी पुस्तकं सांगतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो तो जिलेटिनमध्ये बसवलेला. पाणी तापलं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, नुसतं बोट लागलं तरी ओरखडा उठतो. एका द्रावणातून काढलेली फिल्म एकदम वेगळ्या तापमानाच्या दुसऱ्या द्रावणात गेली, तर तो थर आक्रसतो आणि चेहऱ्यावर बारीक जाळी उमटते. म्हणून उन्हाळ्यात रोल धुण्याचं काम रात्री उशिरा किंवा पहाटे चाले. बर्फाची लादी फोडून घमेल्यात टाकायची, त्यात डेव्हलपरची, हायपोची आणि साध्या पाण्याची बाटली शेजारी शेजारी उभी करायची, थर्मामीटर एकीतून काढून दुसरीत घालायचा आणि तिन्ही सारख्या झाल्या की कामाला लागायचं. हायपोत तुरटी घातलेली असे, कारण तिने तो मऊ थर घट्ट होतो.

त्यानंतर वाळवणं. कूलरच्या हवेत ओल असते, तिथे फिल्म लवकर वाळत नाही. कूलर बंद करून खिडकी उघडावी तर वावटळीची धूळ ओल्या थराला चिकटते. निगेटिव्हवर धुळीचा एक कण म्हणजे प्रिंटवर एक पांढरा ठिपका, आणि तो ठिपका बारीक ब्रशने, करड्याची नेमकी छटा जुळवून, हाताने भरावा लागे. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा अडचण उलटी झाली. तिच्या डेव्हलपरला ३७.८ अंश लागतात, वेळ सव्वातीन मिनिटं, आणि पाव अंशाच्या फरकानेही रंग बिघडतो. घमेल्यातल्या बर्फावर हे जमणारं नव्हतं. रंगीत काम डार्करूममधून निघालं आणि वातानुकूलित कलर लॅबमध्ये गेलं. फोटोग्राफरच्या हातून धुण्या-छापण्याचं काम डिजिटलने काढून घेतलं असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी आधी, कलर लॅबच्या काळातच सुटलं होतं. हा क्रम ध्यानात ठेवला तर पुस्तकातल्या जुन्या फोटोग्राफरांच्या आठवणी नीट समजतात.

त्यांच्या हातात उरलं ते स्टुडिओचं कपाट, आणि माझ्या दृष्टीने फिल्मच्या काळातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. सीताबर्डी, महाल, इतवारी, सदर इथल्या स्टुडिओंचा पुढचा भाग आपल्याला आठवतो: रंगवलेला पडदा, कोरीव हाताची खुर्ची, कंगवा ठेवलेला आरसा, ‘भाऊ, हनुवटी जरा खाली’ म्हणणारा माणूस. मागच्या खोलीतल्या कपाटात निगेटिव्हची पाकिटं उभी लावलेली असत. असं एक पाकीट हातात घेऊन पाहावं. वर कोपऱ्यात अनुक्रमांक. त्याखाली तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि मोहल्ला. मग ‘कॅबिनेट २, पोस्टकार्ड ६’ अशी प्रतींची नोंद. बाजूला एखादा शब्द: मुंज, लग्न, नोकरीचा अर्ज, तान्हा पोळा. तोच अनुक्रमांक काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये, आणि तोच प्रिंटच्या मागे पेन्सिलीने. कोणी पंधरा वर्षांनी जुना फोटो घेऊन आलं आणि ‘याची कॉपी कधी भेटन?’ म्हणून विचारलं, तर मालक फोटो उलटा करून क्रमांक वाचे, रजिस्टर उघडे आणि सांगे, ‘परवा या.’ हे सारं त्याच्या धंद्याचा भाग होतं, त्याचे वेगळे पैसे कोणी दिले नाहीत. पण शहरातल्या हजारो कुटुंबांचा दृश्य इतिहास तो माणूस नावानिशी, तारखेनिशी सांभाळत होता.

तान्हा पोळ्याचा उल्लेख केला तो मुद्दाम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुलं नटूनथटून लाकडी बैल घेऊन निघतात आणि त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानलं जातं. कृष्णधवल फिल्मवर पिवळा रंग फिकट करडा येतो. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत पिवळ्या मारबतीचा रंग दिसत नाही, दिसतो तिचा आकार, चेहऱ्याचं रेखाटन आणि भोवतालच्या गर्दीतली माणसं. आजच्या फोटोंत पिवळा इतका उसळून येतो की गर्दी मागे पडते. एकच मिरवणूक, पण माध्यम बदललं की नजर कुठे थांबते तेही बदलतं. भर दुपारच्या उन्हातही असाच फरक आहे. निगेटिव्ह फिल्मवर उजेड जरा जास्त झाला तरी पांढऱ्या धोतराच्या चुण्या त्या दाट थरात शिल्लक राहत आणि छापताना बाहेर काढता येत. डिजिटल सेन्सरवर तो पांढरा एकदा भरून गेला की तिथे काहीच नोंदलं जात नाही. याउलट काळोखात डिजिटल फिल्मच्या कितीतरी पुढे गेलं. ज्याला फिल्मचं सगळंच चांगलं वाटतं आणि ज्याला डिजिटलचं सगळंच चांगलं वाटतं, त्या दोघांनीही या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

स्टुडिओच्या काळाचं गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या दारातून सगळे आत गेले नाहीत. असंख्य माणसांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात एक-दोन फोटो आले आणि कित्येकांच्या वाट्याला एकही नाही. घरातला कर्ता माणूस गेला की हार घालायला फोटो नसे. मग कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याचा नखाएवढा चेहरा काढून मोठा केला जाई आणि स्टुडिओतला कारागीर त्याला खांद्यापासून खाली कोट रंगवून देई. आपल्या आजोबांनी कोट कधी घातला नव्हता हे ठाऊक असलेली मुलंही तो फोटो जपत, कारण दुसरा नव्हताच. जिच्यापाशी स्वतःचा एकही फोटो नव्हता अशा बाईची नात आज शेतातून, बसमधून, कॉलेजच्या पायऱ्यांवरून स्वतःचे फोटो काढते. फोटो काढून घेणारा समाज फोटो काढणारा झाला. डिजिटलचं हे देणं इतकं मोठं आहे की बाकीच्या तक्रारी त्याच्यानंतरच मांडाव्यात.

तंत्राचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी सीसीडी ही चकती विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कल्पिली. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचं होतं आणि ते कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. वृत्तपत्रांना परवडेल आणि हाताळता येईल असा निकॉन डी-१ हा कॅमेरा १९९९ मध्ये आला. २००३ मध्ये कॅननने हजार डॉलरच्या आतला एसएलआर आणला आणि हौशी माणसालाही तो दिसू लागला. त्यानंतर सगळं भरभर घडलं. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतः दिवाळखोरीचा अर्ज दिला. आपल्याकडे उटीला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना होता. ‘इंदू’ नावाची फिल्म आणि कागद तिथून देशभर जाई. तोही कायमचा बंद झाला.

वृत्तपत्रांत हा बदल सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे आला. त्याचं कारण समजायला फोटो ही एकेकाळी वस्तू होती हे आठवावं लागतं. वस्तू एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला वाहन लागतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असल्याचा तो लाभ होता. डिजिटल फोटोला अशा मध्याची गरज उरली नाही.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं. त्या दिवसांत मोर्च्यांवर मोर्चे येतात. फिल्मच्या काळात मोर्च्यावर गेलेल्या फोटोग्राफरचं एक लक्ष घड्याळाकडे असे. कचेरीत परतायचं, रोल धुवायचा, वाळवायचा, प्रिंट काढायची, ती वेळेत पान लावणाऱ्याच्या हाती द्यायची. त्यामुळे मोर्चा पुढे रात्री काय वळण घेणार हे पाहायला तो बरेचदा तिथे नसे. मेमरी कार्ड आणि इंटरनेट आल्यावर तो शेवटपर्यंत थांबू लागला. बातमीच्या छायाचित्रणात डिजिटलने आणलेला हा सर्वांत भरीव बदल आहे, असं मी मानतो.

२३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मृत्युमुखी पडली. तेव्हा मोर्चेकऱ्याच्या हाती कॅमेरा नव्हता. जे दृश्य आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः पत्रकारांच्या कॅमेऱ्यांतून. आज तशा प्रसंगी हजारो मोबाईल साक्षीला असतील. ज्याचं दुःख त्याच्याच हाती कॅमेरा असणं ही न्यायाची गोष्ट आहे. पण त्या हजारो मोबाईलमधलं पंचवीस वर्षांनी काय हाती लागेल? वृत्तपत्राच्या कपाटातल्या निगेटिव्हला निदान एक पत्ता होता.

या प्रश्नाचं उत्तर निराशेचं नाही, आणि ते आपल्या शेजारच्या जंगलातच आहे. फिल्मच्या काळात ताडोबात फोटो काढायला जाणारा माणूस मोजून रोल नेई. पहाटेच्या अंधूक उजेडात मंद स्लाइड फिल्मवर वाघ हलका जरी वळला तरी चित्र पुसट येई. पस्तिसावा, छत्तिसावा फोटो संपतो न संपतो तोच वाघीण पिल्लांसह रस्त्यावर यावी आणि धुळीत, हलत्या जिप्सीत, कॅमेऱ्याची पाठ उघडून नवा रोल भरावा लागावा, हे त्या पिढीतल्या अनेकांनी सोसलं. आता सेकंदाला दहा-वीस फोटो निघतात. त्याबरोबर हावही वाढली. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पिल्लांचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. फोटोला मोल पडेनासं झालं की फोटोतल्या जिवाचंही मोल कमी होतं, याचं हे लख्ख उदाहरण आहे.

त्याच जंगलात त्याच तंत्राने एक फार मोठं काम केलं आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या नागरहोळेत फिल्मचे कॅमेरे झाडांना बांधून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजण्याची पद्धत बसवली. प्रत्येक कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असल्याने तिचा विस्तार बेताचाच राहणार होता. डिजिटल कॅमेरे आल्यावर ती मर्यादा गेली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो टिपले. त्यांतले वाघाचे ७६,६५१. पट्टे जुळवून त्यांतून २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले आणि त्या आधारावर देशातल्या वाघांची संख्या २,९६७ ठरली. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ३१२ होता, २०२२ च्या गणनेत तो ४४४ झाला.

या आकड्यांचा उतार पाहावा. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो, शेवटी हाती अडीच हजारांहून कमी ओळखी. मधल्या वाटेवर कोणीतरी बसून रिकामी पानं, हरणं, गुरं, माणसं बाजूला काढली, संगणकाला ती काढायला शिकवलं, प्रत्येक फोटोला ठिकाण आणि वेळ जोडली, डावी कूस आणि उजवी कूस जुळवली. साडेतीन कोटी फोटोंना अर्थ आला तो या निवडण्याच्या कामामुळे. मध्य प्रदेशातल्या पेंचची ‘कॉलरवाली’ वाघीण २००५ मध्ये जन्मली आणि १५ जानेवारी २०२२ ला गेली. तिची सारी हयात डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातली. तिची आठ वेतं, २९ पिल्लं, सगळ्यांची नोंद आहे. आता जंगलातून नागपुरात यावं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसांची अशी नावनिशीवार ओळख आज आपल्यापैकी कोण देऊ शकेल? मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. ज्या स्टुडिओंत त्या कामगारांनी बोनसच्या पैशांतून फोटो काढले असतील, त्यांतले कितीतरी बंद झाले. बंद पडणाऱ्या स्टुडिओंतल्या निगेटिव्ह देशभर ठिकठिकाणी चांदी काढणाऱ्यांना किलोवर विकल्या गेल्या. पाकीट, क्रमांक, रजिस्टर, सगळं त्याबरोबर गेलं.

घरातली गत याहून वेगळी नाही, फक्त ती अजून उघडी पडलेली नाही. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, भिंगाची माहिती आणि मोबाईल असेल तर बहुधा ठिकाणही आपणहून नोंदवतो. म्हणजे स्टुडिओवाला पाकिटावर जे हाताने लिही त्यातलं बरंचसं यंत्रच लिहितं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि ही नोंदही गळून पडते. लग्नाचे फोटो ज्यांच्याकडे फक्त अशा रीतीने आले, त्यांच्याकडे पाकिटाशिवायची निगेटिव्ह आली असं समजावं. शिवाय माणसांची नावं यंत्राला आजही ठाऊक नसतात. ती घरातल्या थोरांना ठाऊक असतात. हार्डडिस्क काही वर्षांनी बिघडते, लिहिलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने खराब होतो आणि नागपूरच्या घरात उन्हाळाभर कपाटाच्या वरच्या फळीवर काय तापमान असतं हे वेगळं सांगायला नको. जुनी कृष्णधवल प्रिंट अशा फळीवर कडेने पिवळी पडली तरी चेहरा राखून असते. फाइल मात्र एकदा उघडेनाशी झाली की तिच्यातलं काहीच उरत नाही.

खरेखोटेपणाचा प्रश्नही इथेच येतो. फोटो पूर्वी खोटं बोलत नसे, ही समजूत चुकीची आहे. घासलेल्या काचेमागे दिवा लावून, निगेटिव्हच्या थरावर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके देत रिटचिंग करणारे कारागीर प्रत्येक चांगल्या स्टुडिओत असत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की तेवढी जागा प्रिंटवर उजळ येते, म्हणून देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळजी, कपाळावरच्या आठ्या त्या ठिपक्यांत बुजून जात. तरीही पेन्सिलीची खूण निगेटिव्हवर राही. निगेटिव्ह उजेडात धरली की काय केलंय ते दिसे. म्हणून न्यायालय फोटोबरोबर निगेटिव्ह मागे. डिजिटल फोटोपाशी अशी हातात धरण्याजोगी मूळ वस्तूच नसते. कायद्याने २००० मध्ये पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घालून इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्राची अट घातली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. न काढलेला फोटोही आता यंत्र बनवून देऊ लागलं आहे. अशा वेळी एखादं चित्र खरं आहे हे ठरवायला, ते कोणी काढलं, कोणाकडे राहिलं आणि कोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आलं, ही साखळीच उपयोगी पडेल. जपणुकीचं काम आता आठवणींपुरतं राहिलेलं नाही, सत्यासाठीही ते करावं लागणार आहे.

समाजाने मनावर घेतलं तर तो काय जपू शकतो, याचंही उदाहरण आपल्याच शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाची कृष्णधवल छायाचित्रं थोडीच, पण ती प्रतीवर प्रत निघत गावोगावच्या घरांत, विहारांत, ग्रंथांत पोचली. ज्यांच्या घरी स्वतःच्या आजी-आजोबांचा फोटो नव्हता, त्यांच्याही भिंतीवर तो दिवस होता. एखाद्या स्टुडिओवर किंवा कचेरीवर त्यांनी हे सोपवलं नाही. प्रत्येक घराने आपल्यापुरती एक प्रत सांभाळली आणि म्हणून ती चित्रं आज कोणाच्याही पुसून टाकण्यापलीकडे गेली आहेत.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत: काढणं, छापणं आणि जपणं. पहिल्या दोन भागांत वाचकाला जुन्या फोटोग्राफरांचे, कलर लॅब चालवणाऱ्यांचे, वृत्तपत्रांत आणि जंगलात काम केलेल्यांचे अनुभव मिळतील. ते रंजक आहेत आणि माहितीने भरलेले आहेत. माझी विनंती आहे की तिसऱ्या भागाशी घाई करू नये. त्यात सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत. वर्षअखेरीस घरातल्या सगळ्या फोटोंतून थोडे निवडावेत. ते कागदावर छापून घ्यावेत. मागे माणसांची पूर्ण नावं, बायकांची माहेरची नावंसुद्धा, गाव आणि तारीख लिहावी. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जुना अल्बम घेऊन एक दुपार बसावं, कारण त्यातली निम्मी नावं फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.

जे एकेका घराला जमणार नाही ते शहराच्या संस्थांनी करायला हवं. १८६३ पासून उभं असलेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, नागपूर विद्यापीठ, विदर्भ साहित्य संघ, यांपैकी कोणीतरी बंद होत असलेल्या स्टुडिओंची रजिस्टरं आणि निगेटिव्ह ताब्यात घेण्याची तयारी दाखवावी. त्यांचं स्कॅनिंग करायला, नावं लावायला कॉलेजची मुलं पुढे येतील याची मला खात्री आहे. वाघांसाठी आपण हे करून दाखवलं आहे, माणसांसाठीही करता येईल. सीताबर्डीच्या मागच्या खोलीत बसून एका पिढीने आपल्या वतीने हे काम न बोलता केलं. ते आता आपल्याकडे आलं आहे. हे पुस्तक वाचून एका जरी घराने, एका जरी संस्थेने ते हाती घेतलं, तर लेखकांची सगळी मेहनत कारणी लागली असं मी समजेन.

नागपूर